नारळाच्या पाण्यात बुडालेली वीट : माझा हैदराबादचा प्रवास

प्रवासी तथा तक्रारदार : मी, उत्तम लिंबाजी सोनकांबळे, धंदा अर्जलेखन, बैठक तहसील कचेरीसमोरील लिंबाखाली, मुक्काम देगलूर. शिक्षण दहावीपर्यंत, विज्ञान विषयात परीक्षक व माझ्यात मतभेद राहिले.

पीडित : माझी सख्खी भाची प्रज्ञा, वय लग्नाचे, परंतु तिचे त्याकडे लक्ष नाही. व्यवसाय, हैदराबादेत एका खासगी इंजिन कंपनीच्या प्रयोगशाळेत कंत्राटी संशोधक.

विरुद्ध पक्ष : सदर प्रयोगशाळेचे मोठे साहेब. नाव जाणीवपूर्वक गाळले आहे, कारण तंटा व्यक्तीशी नसून नारळाशी आहे.

साक्षीदार : ख्वाजाभाई, इंजिन चालवून पाहणारे, तसेच मंडपात खुर्च्यांवर बसलेले सर्व पाहुणे, ज्यांनी सर्व पाहिले आणि पेढे खाऊन घरी गेले.

घटनेचा काळ : चालू वर्षी, दसऱ्याच्या आधीचा आठवडा.

वाचकहो, ज्यांनी हैदराबाद पाहिलेले नाही त्यांच्यासाठी हे वर्णन लिहीत आहे. तेथील मिनार व किल्ले यांची वर्णने इतरांनी केलेली आहेत व त्या वास्तू जागेवर असल्याने पुन्हा केली तरी चालतील. मी जे पाहिले ते दुसऱ्या कोणी लिहून ठेवण्याची शक्यता दिसत नाही.

रविवार : तारनाका

माझी धाकटी बहीण शांता, म्हणजे प्रज्ञाची आई, व तिचे यजमान तारनाक्याला राहतात. दाजी रेल्वेच्या कार्यालयात आहेत. शांताचा फोन आला होता, "दादा, मंगळवारी प्रज्ञाच्या कामाची परीक्षा आहे. आपल्या माणसांपैकी कायद्याचं कळणारं कुणीतरी पाहिजे." परीक्षेत कायदा कुठून येणार, असे मी विचारले नाही. कायदा कुठूनही येतो.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने "किधर जाते मामू?" असे विचारून माझे वय परस्पर ठरवले. रिक्षा एका बसच्या मागे लागली आणि तारनाका येईपर्यंत त्या बसने आपल्या धुराचा लाभ आम्हाला अखंड दिला. माझा पांढरा सदरा करड्या रंगाने घरात शिरला. शांताने "जय भीम दादा" म्हणत पाण्याचा तांब्या पुढे केला व दुसऱ्या हाताने सदरा मागितला.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. आपली अंबाडी येथे गोंगुरा या नावाने लग्नाच्या पंगतीत मानाने बसते. गावाकडे तिला बांधावरून उचलून आणतात. गाव सोडल्याशिवाय किंमत कळत नाही, हे मी दाजींना सांगितले.

"उत्तमराव, तुम्ही कधी सोडताय मग?" दाजी म्हणाले.

मी पुन्हा भाजी वाढून घेतली.

जेवणानंतर प्रज्ञाने आपले काम समजावून सांगितले. ते मी अर्जाच्या भाषेत मांडतो. डिझेल इंजिनात उष्णता इतकी होते की हवेतला नायट्रोजन, जो एरवी कोणाच्या अध्यात मध्यात नसतो, तो ऑक्सिजनशी हातमिळवणी करतो आणि एक विषारी वायू तयार होतो. डोळे चुरचुरतात, छातीत जळजळते. या वायूला रोखण्यासाठी धुराच्या नळीत युरियाचे पाणी फवारतात. त्यातून अमोनिया निघतो. परंतु अमोनिया व तो वायू यांची गाठ आपोआप पडत नाही. त्यासाठी मध्ये चिनीमातीची एक जाळीदार वीट बसवतात, मधाच्या पोळ्यासारखी. तिच्यावर जो लेप असतो त्याला उत्प्रेरक म्हणतात. त्या लेपावर बसून दोघे भेटतात आणि साधा नायट्रोजन व पाणी होऊन बाहेर पडतात. लेप मात्र जसाच्या तसा राहतो.

"म्हणजे पक्षकार आणि कचेरी यांच्यामधला अर्जलेखक," मी म्हणालो.

"हौ मामा," प्रज्ञा म्हणाली, "फक्त उत्प्रेरक झिजत नाही, आणि अर्जामागे चहा मागत नाही."

या मुलीची जीभ हैदराबादी झाली आहे. मराठी वाचताना ती अडखळते, टोमणा मारताना मात्र अडखळत नाही.

तिच्या लेपाचे वैशिष्ट्य असे की तो कमी उष्णतेत काम करतो. नेहमीच्या लेपाला धूर चांगला तापलेला लागतो. पण शहरातली बस सिग्नलला उभी राहते, रेंगाळते, तिचा धूर कोमट राहतो आणि महागडी वीट नळीत नुसती झोपून असते. तिची वीट कोमट धुरातही जागी राहते. मंगळवारी इंजिनावरच्या कसोटीस ती उतरली, तर शहराच्या बसवर बसवून पाहणार होते आणि प्रज्ञाचे कंत्राट वाढणार होते. न उतरल्यास वीटही संपली आणि नोकरीही. तिने हे सांगितले तेव्हा शांता भांडी घासण्याचे थांबवून ऐकत होती.

सोमवार : मलकपेठ, जामबाग

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा मला सोबत घेऊन बाहेर पडली. मलकपेठच्या चौकात आम्ही बराच वेळ अडकलो. समोर उभ्या बसकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हीच ती मामा. आत्ता तिचा धूर किती गरम असंल, सांगा." मी अनुभवी माणसाप्रमाणे मान डोलावली. शेजारचा स्कूटरवाला तोंडाला रुमाल बांधत होता, त्याच्यामागे बसलेली बाई पदर नाकाला लावत होती. आमच्या गावात धूर आला की माणसे उठून त्याचे कारण शोधतात. येथे कापड शोधतात. मोठ्या शहरातील लोक व्यवहारी असतात.

वाटेत एका इराणी हॉटेलात चहा घेतला. उस्मानिया बिस्कीट चहात किती वेळ धरावे यालाही येथे शास्त्र आहे. मी ते युक्तिवाद करता करता धरले, आणि बिस्कीट तळाशी गेले. वेटरने न सांगता चमचा आणून ठेवला.

जामबागला फुलांचा बाजार आहे. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी प्रज्ञाला मंगळवारच्या कार्यक्रमासाठी हार आणावयास सांगितले होते. तेथील प्रथा अशी, की कोणतेही इंजिन किंवा त्याचा नवा भाग प्रथम चालवण्यापूर्वी त्याला हार घालून, कुंकू लावून त्यावर नारळ फोडतात. या प्रथेविरुद्ध माझे म्हणणे नाही. आमच्या तहसील कचेरीतही दसऱ्याला टाइपरायटरला हार पडतो आणि तो दिवसभर चालत नाही; त्या दिवशी कोणाचे अर्ज फेटाळले जात नसल्याने जनता समाधानी असते.

प्रज्ञाने झेंडूचे हार निवडले. माळीणबाई म्हणाली, "कोब्बरिकाया, अम्मा? नारियल?"

"नक्को," प्रज्ञा पटकन म्हणाली.

"पूजा में नारियल नक्को बोलते?"

"सांगितलंच नाही त्यांनी," प्रज्ञाने मला मराठीत सांगितले, पण बाईकडे न बघता. मग फुलांची पिशवी छातीशी धरून चालू लागली. थोडे अंतर गेल्यावर हळूच बोलली, "मामा, नारळाच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. माझी वीट पाणी शोषते. इंजिनाच्या लोखंडावर नारळ फोडा, पुसलं की झालं. विटेवर फोडला तर लेपावर अमोनियाला बसायच्या जेवढ्या जागा आहेत, त्यांवर पोटॅशियम जाऊन बसतं. मग अमोनिया उभाच."

ही गोष्ट मला ताबडतोब समजली. कचेरीच्या बाकावर शिपायाचे पाहुणे बसले की अर्जदार भिंतीला टेकून उभा राहतो आणि काम होत नाही.

"मग साहेबांना तसं सांगून टाक," मी म्हणालो.

"सांगितलं ना, मागच्या महिन्यात. ते बोलले, देखेंगे." ती हसली. "मी आणलाच नाही, तर फोडतील काय?"

मंगळवार : प्रयोगशाळा

प्रयोगशाळा शहराबाहेर आहे. मंडप घातलेला होता, खुर्च्यांना पांढरी कापडे होती, पंखे होते. मध्येच वीज गेली आणि मंडपामागचे जनरेटर सुरू झाले. धूर कमी करण्याच्या सोहळ्यात पाहुणे खोकू लागले. हे कोणालाही विचित्र वाटले नाही. मी माझ्या शेजारच्या गृहस्थांना तसे म्हटले, तर ते म्हणाले, "वो जनरेटर अलग डिपार्टमेंट का है."

ख्वाजाभाई इंजिनाच्या खोलीत होते. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, हातात पुसायचे फडके. माझी ओळख करून दिल्यावर म्हणाले, "मामू, आपकी भांजी तो हीरा है. मगर ज़िद्दी. मेरे इंजन को भी डाँटती है."

वीट अजून नळीत बसवलेली नव्हती. पाहुण्यांना दिसावी म्हणून मंडपात पाटावर मखमल अंथरून तिला बसवले होते. पांढरट पिवळी, चौकोनी, अंगभर बारीक छिद्रे. प्रज्ञाने आणलेला हार तिला घातलेला होता. हार कोरडा होता. प्रज्ञाने फुलांवर पाणी मारू दिले नव्हते.

मोठे साहेब आले. प्रसन्न, उंच, सर्वांची विचारपूस करणारे. ताटाकडे पाहून म्हणाले, "अम्मा प्रज्ञा, नारियल किधर है?"

"विसरले सर," ती हिंदीत बोलली.

"कुछ फरक नहीं. मैं लाया ना!" आणि त्यांनी आपल्या पिशवीतून शेंडी असलेला नारळ काढला. मोठ्या पदावर लोक उगीच पोहोचत नाहीत.

प्रज्ञा पुढे झाली. "सर, प्लीज, इंजिनावर फोडा. विटेवर नको. पाणी आत जाईल."

साहेबांनी तिच्याकडे अत्यंत मायेने पाहिले. आवाज खाली आणून, परंतु पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतपत, म्हणाले, "मैं समझता हूँ, अम्मा. आप लोगों में नहीं चलता. मैं बहुत रिस्पेक्ट करता हूँ. लेकिन ये कंपनी का रिवाज है ना."

"सर, आमच्यात चालण्याचा प्रश्नच नाही. पोटॅशियम..."

"हाँ हाँ. आप पीछे खड़े हो जाओ, हाथ मत लगाओ. कोई ज़बरदस्ती नहीं."

वाचकहो, मी कचेरीसमोर आयुष्य घालवले आहे. माणसाचे म्हणणे न ऐकता त्याला मान देण्याची ही रीत मी तेथेही पाहिली आहे, परंतु इतक्या गोड आवाजात नाही.

नारळ दगडावर आपटून दुभंगला आणि दोन्ही करवंट्यांतले पाणी साहेबांनी स्वहस्ते विटेवर ओतले. वीट ते क्षणात प्यायली. खाली मखमलीवर थेंबही पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी म्हणाले, "देवी ने स्वीकार किया." प्रज्ञा मागे उभी होती. तिचे हात कोठे ठेवावेत हे तिला कळत नसल्यासारखे दिसत होते.

मग वीट नळीत बसवून ख्वाजाभाईंनी इंजिन चालू केले. एका पडद्यावर दोन आकडे होते, विटेत शिरणाऱ्या विषारी वायूचा एक आणि बाहेर पडणाऱ्याचा दुसरा. दुसरा उतरायला हवा होता. तो पहिल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. ख्वाजाभाईंनी इंजिन हळू चालवून पाहिले, जोरात चालवून पाहिले. आकडे जुळ्या भावांसारखे बरोबरच हलले.

"नारियल का असर तो नहीं?" ख्वाजाभाईंनी विचारले.

"ख्वाजा, तुम्हारे इंजन पर बरसों से नारियल फोड़ रहे. कोई बंद पड़ा?" साहेब म्हणाले.

"इंजन तो लोहे का है साब. हज़म कर लेता."

त्यावर सर्व हसले व पेढ्यांचे वाटप झाले. पेढे चांगले होते. मी एक घेतला, दुसरा घेतला नाही, याची नोंद असावी.

बुधवार व पुढे : पुन्हा तारनाका

दुसऱ्या दिवशी अहवाल निघाला. कारण : विटेच्या रचनेत मूलभूत दोष. प्रज्ञाने विटेचा एक तुकडा खरवडून यंत्रात तपासला; पोटॅशियम सापडले. साहेबांना दाखवले. ते म्हणाले, ते कोठूनही आले असेल. नारळाचा उल्लेख अहवालात करावा, अशी तिने विनंती केली, तेव्हा ते म्हणाले, "वो आस्था का विषय है, टेक्निकल रिपोर्ट में नहीं आता." म्हणजे नारळ विटेत जाऊ शकतो, अहवालात जाऊ शकत नाही.

तिच्याजवळ त्याच घाण्यातली, त्याच लेपाची दुसरी वीट होती. कोरडी, पेटीत बंद. ती लावून पाहण्यास साहेबांनी नकार दिला नाही. उलट आनंदाने होकार दिला. दसऱ्यानंतर, चांगला मुहूर्त पाहून, विधिपूर्वक.

त्या संध्याकाळी शांता रडत होती. दाजी तिला म्हणत होते, "नोकऱ्या काय, येतात जातात." पण ते स्वतः चहाचा कप हातात घेऊन चहा प्यायचे विसरले होते. मी बॅगेतून कोरे कागद काढले. मी असा अर्ज लिहिला की तो वाचताना माझेच डोळे पाणावले. राज्यघटनेची कलमे होती, समतेचा हक्क होता, "आप लोगों में" या शब्दांवर स्वतंत्र परिच्छेद होता. प्रज्ञाला मोठ्याने वाचून दाखवला.

ती शांतपणे ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मामा, हे सगळं खरं आहे. पण हे दिलं तर काय होईल, बघा. ते म्हणतील, हिच्या भावना दुखावल्या. माफी मागतील, मला गुलदस्ता देतील, आणि नारळ फोडतीलच. मला माफी नको. वीट कोरडी पाहिजे. धर्माचं लिहू नका, पोटॅशियमचं लिहा."

"अगं, पण तुझा अपमान झाला."

"झाला. पण विटेचा झाला तो पहिला. माझा निस्तरता येतो, तिचा नाही."

पोटॅशियमवर अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. तलाठी, सातबारा, विहीर, बांध, पेन्शन, रेशन या विषयांवर माझा हात चालतो. मूलद्रव्याविरुद्ध दाद मागण्याचा प्रसंग आला नव्हता. प्रज्ञाने सांगायचे आणि मी वाक्य बांधायचे, अशा रीतीने आम्ही तो लिहिला. एकदा मी "सदरहू पोटॅशियमने संगनमताने" असे लिहिले; ते तिने काढायला लावले. हिंदी तर्जुमा दाजींनी केला. रेल्वेची हिंदी अर्जाला शोभते.

शुक्रवार : शेवटची भेट

आम्ही दोघे साहेबांना भेटलो. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी मागवली, अर्ज शेवटपर्यंत वाचला. त्यात देव, धर्म, जात, भावना यांपैकी एकही शब्द नव्हता. सर्व काही पाणी, लेप आणि पोटॅशियम यांबद्दल होते.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद आदराने टेबलावर ठेवला. "मामाजी, बहुत सुंदर लिखा. मैं सब धर्मों की इज़्ज़त करता हूँ."

"साहेब, यात धर्म नाही," मी म्हणालो.

"वही तो आपका बड़प्पन है, नाम भी नहीं लिया." मग ते प्रज्ञाकडे वळले. त्यांचे डोळे खरोखर ओलसर झाले होते. मी खोटी साक्ष देणार नाही. "अम्मा, तुम्हारे लिए मैं रिवाज बदल दूँगा. इस बार नारियल नहीं. इस बार गुम्मडिकाया."

तेलुगू लोक दृष्ट काढण्यासाठी कोहळा फोडतात. त्यालाच ते गुम्मडिकाया म्हणतात.

प्रज्ञाने डोळे मिटले. "सर, कोहळ्यातही पोटॅशियम असतं."

"देखो," साहेब माझ्याकडे पाहून खेदाने म्हणाले, "मैं आधा रास्ता आया. थोड़ा तो इनको भी आना चाहिए ना?"

बाहेर पडल्यावर ख्वाजाभाई भेटले. सर्व ऐकून त्यांनी टोपी काढली, डोके खाजवले, पुन्हा घातली. "निंबू बोलेंगे अब. फिर विभूती. मामू, इन को पूजा से कौन रोके? आप तो बस ईंट को छाता पकड़ा दो." प्रज्ञा हसली. हसता हसता तिने भिंतीला हात टेकला व बराच वेळ तशीच उभी राहिली.

मी शनिवारी परतलो. मुहूर्त दसऱ्यानंतरचा निघाला आहे. तिच्या कंत्राटाची मुदतही त्याच सुमारास संपते. जामबागहून कोहळा आणण्याचे काम साहेबांनी विश्वासाने प्रज्ञाकडेच सोपवले आहे.

विनंती

सबब, सदर प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांस, त्यांच्या वरिष्ठांस, आणि धुरामागून रिक्षाने जाणाऱ्या प्रत्येक नागरिकास या लेखाद्वारे नम्र प्रार्थना करण्यात येते की :

पूजा अवश्य व्हावी. हार, कुंकू, कोहळा, लिंबू, विभूती, जे असेल ते इंजिनास अर्पण करावे. इंजिन लोखंडाचे असून त्याची तक्रार नाही. विटेजवळ मात्र काहीही ओले अथवा राखेचे नेऊ नये. नंतर इंजिन चालू करून दुसरा आकडा खाली उतरतो की नाही, एवढे सर्वांनी पाहावे. उतरल्यास अहवालात श्रेय कोहळ्यास द्यावे. अर्जदार व पीडित या दोघांचीही त्यास हरकत नाही, व तसे आम्ही लिहून देण्यास तयार आहोत. वीट तेवढी कोरडी ठेवावी.

उत्तर मुहूर्तापूर्वी मिळावे, ही विनंती. नंतर मिळाल्यास त्याचा उपयोग फक्त मला होईल, पुढचा अर्ज लिहिण्यासाठी.

अर्जदार,
उत्तम लिंबाजी सोनकांबळे